चित्र अंधुक कुणी केले?

गेल्या वर्षी, पावसाळा तोंडावर आला असताना, माझ्या जुन्या शाळेतून निरोप आला. प्रयोगशाळेतील एक लोखंडी कपाट रिकामे करायचे होते. त्यात स्नेहसंमेलने, सहली आणि विज्ञान प्रदर्शने यांच्या चाळीसेक व्हिडिओ कॅसेट होत्या. सगळे चित्रण एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतले आहे, तेव्हा कॅसेट आता भंगारात द्यायच्या. तुम्ही भौतिकशास्त्राचे, काही उपयोगी पडण्यासारखे असेल तर घेऊन जा, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे. मी गेलो. उतरवून घेतलेले चित्रण नववीच्या वर्गात मोठ्या पडद्यावर चालू होते, आणि योगायोग असा की त्या वेळी जे चालू होते त्यात मीच होतो.

साल १९९४. मी तेव्हा आठवीत होतो. गोदावरीला पाणी चढले होते आणि आमचे विज्ञानाचे सर आम्हा दहा-बारा मुलांना पाण्याचा वेग मोजायला होळकर पुलाच्या बाजूला घेऊन गेले होते. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पुराचे माप आम्ही मीटरमध्ये सांगत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे सांगतो. सरांनी काठावर वीस मीटर अंतर मोजून दोन खुणा केल्या होत्या. वाहत येणारी एखादी डहाळी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जाते, हे मनगटी घड्याळावर पाहायचे होते. एका मुलाच्या वडिलांनी मस्कतहून येताना आणलेल्या छोट्या हँडीकॅमवर हे सारे टिपले होते. सर आता हयात नाहीत.

वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की कमरेला?" मी पडद्याजवळ जाऊन पाहिले. मला सांगता येईना. मारुती म्हणजे एक शेंदरी ढग, पाणी म्हणजे एक राखाडी पट्टा, आणि दोहोंच्या मध्ये वीतभर धूसर प्रदेश. डहाळी तर कुठे दिसतच नव्हती. "जुन्या कॅमेऱ्यांचे असेच असायचे ना, सर?" ती म्हणाली.

या 'असेच असायचे'बद्दल मला हा लेख लिहायचा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. असे नसायचे. त्या पडद्यावर जे अंधुक दिसत होते त्यात जुन्या कॅमेऱ्याचा वाटा थोडा होता आणि पुढच्या तीस वर्षांतील आपल्या हलगर्जीपणाचा फार मोठा. हा हलगर्जीपणा आपण आजही करत आहोत, आणि आता चूक सुधारायला पुन्हा वेळ मिळणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम फितीवर चित्र बसते कसे ते पाहू. गाण्याची कॅसेट तुमच्या घरातल्या मोठ्यांनी वापरलेली असेल. तिच्यातली फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने हेडवरून सरकते. हेड म्हणजे एक अतिशय लहान विद्युतचुंबक. त्यात एक बारीक फट असते. आवाजाप्रमाणे बदलणारा विद्युतप्रवाह त्यात सोडला की फटीसमोरून जाणाऱ्या फितीवरचे चुंबकीय कण कमीअधिक चुंबकित होतात. आवाजाचे एक आंदोलन फितीवर किती लांबी व्यापेल? वेग भागिले वारंवारता. सेकंदाला १५,००० आंदोलने असतील तर सुमारे ३ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके फितीला सहज जमते.

चित्राचे तसे नाही. चित्राला सेकंदाला काही लाख, नव्हे, काही दशलक्ष आंदोलने लागतात. कॅसेटच्या त्याच वेगाने ती नोंदवायची म्हटली तर एका आंदोलनाच्या वाट्याला मायक्रॉनचा शंभरावा हिस्सा येईल, आणि फितीवरचा चुंबकीय कणच त्याहून मोठा असतो! मग फितीचा वेग वाढवायचा काय? व्ही.एच.एस. पद्धतीत आपल्याकडे हेड आणि फीत यांचा परस्परवेग सेकंदाला ४.८५ मीटर असतो. एवढ्या वेगाने फीत सरळ ओढायची झाली तर एका तासाला साडेसतरा किलोमीटर फीत लागेल. नाशिकपासून त्र्यंबकेश्वरापर्यंत रस्त्याच्या कडेने फीत अंथरली तरी तिच्यावर धड पावणेदोन तासांचेही चित्रण मावायचे नाही.

यावरची युक्ती मला आजही, इतकी वर्षे शिकवूनही, मनापासून आवडते. फीत पळवायची नाही, हेड पळवायचे. व्ही.एच.एस. यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम असतो. त्याच्या कडेला समोरासमोर दोन हेड बसवलेली असतात आणि ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या घेतो. परीघ काढा, पंचविसाने गुणा, उत्तर ४.८७ मीटर येईल. फीत त्याच दिशेने सेकंदाला अवघी २.३४ सेंटिमीटर सरकत असते, तेवढे वजा केले की वरचा आकडा मिळतो. फीत ड्रमला थोडी तिरकी गुंडाळलेली असल्यामुळे प्रत्येक हेड तिच्यावर एक तिरकी रेघ ओढते. शेतात नांगराचे तास एकाला एक लागून पडावेत तशा या रेघा फितीवर पडत जातात. एका रेघेची लांबी ९.७ सेंटिमीटर आणि रुंदी ४९ मायक्रॉन. त्या एका रेघेत पडद्यावरचे एक अर्धचित्र सामावते. अर्धचित्र अशासाठी की आपली दूरचित्रवाणी सेकंदाला २५ पूर्ण चित्रे दाखवायची, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. म्हणून सेकंदाला ५० अर्धचित्रे. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'दर्जा' मोजू. बाजारात सांगितले जाई की व्ही.एच.एस. म्हणजे २४० ओळी, हाय-८ म्हणजे ४०० ओळी. ऐकणाऱ्याचा समज असा होई की एकीत ओळी कमी आहेत आणि दुसरीत जास्त. हा समज चुकीचा आहे. आपल्याकडील पाल पद्धतीत आडव्या ओळी सगळीकडे ६२५ च असतात आणि त्यांपैकी ५७६ पडद्यावर दिसतात. कॅसेट कोणतीही असो. फरक असतो तो एका ओळीच्या आत, डावीकडून उजवीकडे जाताना किती बारकावे वेगळे दिसतात, यात. हिशेब सोपा आहे. एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंद टिकतो. व्ही.एच.एस.ची फीत चित्राच्या उजेड-अंधाराची सेकंदाला सुमारे ३० लाख आंदोलने बाळगू शकते. म्हणजे मायक्रोसेकंदाला ३. बावन्न मायक्रोसेकंदांत १५६ आंदोलने, आणि प्रत्येक आंदोलनात एक उजळ व एक काळी पट्टी, म्हणून ३१२ पट्ट्या. पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४:३ असते आणि प्रथा अशी की पट्ट्या उंचीएवढ्याच रुंदीत मोजायच्या. म्हणून तीन चतुर्थांश घ्या; २३४ येतात. हेच ते '२४०'. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाची मर्यादा ५० लाख आंदोलनांची होती. तोच हिशेब तुम्ही करा, ३९० येतील.

म्हणजे चांगल्या कॅमेऱ्याने भर उन्हात काढलेली व्ही.एच.एस. फीत त्या काळच्या प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या साधारण साठ टक्के बारकावे दाखवीत असे. हे कमी आहे, पण ढगासारखे नक्कीच नाही.

येथे फितींच्या भांडणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. सोनीची बीटामॅक्स १९७५ साली आली, जे.व्ही.सी.ची व्ही.एच.एस. १९७६ साली. बीटामॅक्सचे चित्र किंचित उजवे मानले जाई. पण सुरुवातीच्या बीटामॅक्स कॅसेटवर तासाभराचेच चित्रण मावे आणि व्ही.एच.एस.वर दोन तासांचे. पूर्ण चित्रपट एका कॅसेटवर बसतो म्हटल्यावर गिऱ्हाईक कुठे जाणार? पुढे १९८५ मध्ये व्हिडिओ-८ आली. तिची फीत फक्त ८ मिलिमीटर रुंद, कॅसेट साधारण गाण्याच्या कॅसेटएवढी, त्यामुळे कॅमेरा तळहातावर मावू लागला. आमच्याकडच्या लग्नाच्या चित्रणकारांना तिच्याविषयी भरवसा वाटत नसे. खांद्यावर मोठा पॅनासॉनिक, शेजारी हॅलोजनचा दिवा धरून घामाघूम झालेला पोऱ्या, असा सरंजाम असला म्हणजेच चित्र चांगले येते, अशी समजूत होती. 'एवढ्याशा फितीवर काय मावणार?'

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. व्हिडिओ-८ चा ड्रम ४० मिलिमीटरचा, वेग सेकंदाला ३.१२ मीटर, रेघेची रुंदी ३४ मायक्रॉन. एका अर्धचित्राला व्ही.एच.एस.वर सुमारे पावणेपाच चौरस मिलिमीटर जागा मिळते, व्हिडिओ-८ वर दोनाहून थोडी जास्त. साऱ्या गोदाकाठाचे एक अर्धचित्र मोहरीच्या दाण्याखाली झाकले जाईल! तरीही व्हिडिओ-८ चे चित्र व्ही.एच.एस.च्या तोडीस तोड, कधी थोडे सरसच असे. कारण फितीचा पदार्थ बदलला होता. व्ही.एच.एस.वर लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात. व्हिडिओ-८ साठी शुद्ध धातूचे अतिसूक्ष्म कण वापरले गेले. ते चुंबकत्व कितीतरी अधिक घट्ट धरून ठेवतात, म्हणून अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासची तरंगलांबीही त्यांच्यावर टिकते. फितीची रुंदी पाहून दर्जा ठरवणे म्हणजे वहीची जाडी पाहून गुण देणे. नंतर १९८७ मध्ये एस-व्ही.एच.एस. आणि त्या दशकाच्या अखेरीस हाय-८ या पद्धती आल्या. त्यांनी फीत आणखी सुधारली, वारंवारता वर नेली आणि ४०० चा आकडा गाठला. आमच्या दूरदर्शनच्या प्रक्षेपणाइतके बारकावे घरच्या कॅमेऱ्यात आले, पण ते फारसे कुणी पाहिले नाहीत. कारण लोक ती फीत साध्या व्ही.एच.एस.वर उतरवून मगच पाहत.

रंगांची गोष्ट मात्र खरोखर दुबळी होती, हे कबूल केले पाहिजे. प्रक्षेपणात रंगाची माहिती ४४.३ लाख आंदोलनांच्या वाहक तरंगावर बसवलेली असते. ती घरगुती फितीवर मावत नाही. म्हणून यंत्र ती वेगळी काढून खाली, व्ही.एच.एस.मध्ये सुमारे ६.३ लाख आंदोलनांवर, उतरवते आणि दाखवताना पुन्हा वर चढवते. या उतरंडीत रंगाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम पाच लाख आंदोलने येतात. वरचाच हिशेब केला तर पडद्याच्या पूर्ण रुंदीत रंगाच्या फक्त ५२ पट्ट्या! बारीक निबेने काढलेल्या चित्रात जाड कुंचल्याने रंग भरावा, तसे हे. आपले डोळे उजेड-अंधाराचे बारकावे नीट टिपतात आणि रंगांच्या बाबतीत ढिले असतात, म्हणून हे खपून जाते. एकदा खपून जाते. नक्कल करताना तेच जाड कुंचल्याचे काम पुन्हा होते, आणि प्रत्येक खेपेला रंग आपल्या जागेवरून थोडा सरकतो. जुन्या लग्नाच्या फितीत नवरीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरलेला तुम्ही पाहिला असेल. तो नकलांचा महिमा.

खरा गुन्हेगार येथे सापडतो. आकड्यांची नक्कल करताना आकडे बदलत नाहीत. फाइल हजार वेळा उतरवली तरी ती तीच. फितीवरचे चित्र हे आकडे नव्हेत, ती सतत बदलणारी चुंबकित अवस्था असते. तिची नक्कल म्हणजे हाताने गिरवलेल्या नकाशावरून पुन्हा गिरवलेला नकाशा. समजा, एका नकलेत बारीक तपशिलाचा जोर ८० टक्के उरतो. दुसऱ्या नकलेत ६४ टक्के, तिसऱ्या नकलेत ५१. शिवाय प्रत्येक फितीची स्वतःची खरखर असते, पडद्यावर ती मुंग्यांसारखी दिसते, आणि ती दर नकलेला आधीच्या खरखरीत मिळत जाते. एकीकडे चित्राचा जोर घटतो आणि दुसरीकडे खरखर वाढते.

आमच्या शाळेच्या चित्रणाची वंशावळ मी शोधून काढली. मूळ फीत व्हिडिओ-८ ची. तीवरून चित्रणकाराने नावे आणि पार्श्वसंगीत घालून व्ही.एच.एस. प्रत केली. त्या प्रतीवरून शाळेची प्रत झाली. २००४ च्या सुमारास कुणीतरी शाळेच्या प्रतीवरून व्ही.सी.डी. करून घेतली. व्ही.सी.डी.चे चित्र आपल्याकडे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. म्हणजे ५७६ ओळींपैकी निम्म्या गेल्या आणि ५० अर्धचित्रांपैकी २५ उरली. आणि गेल्या वर्षीच्या दुकानदाराने कपाटातली कॅसेट यंत्रात घातलीच नाही. सोबत ठेवलेली व्ही.सी.डी. मिळाल्यावर त्याने तिचीच फाइल केली, वर ४:३ चे चित्र आजच्या रुंद पडद्याएवढे ताणून दिले. वर्गातल्या मुलांना आमचे शिडशिडीत सर जाडजूड दिसले ते त्यामुळे. दुकानदाराला मी फार दोष देत नाही. त्याला कुणी काही विचारले नव्हते.

दर्जाच्या या चर्चेत एक गोष्ट निसटू नये म्हणून आमच्याच जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण मध्येच देतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातील मित्रांना घेऊन घरगुती साधनांवर २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. कॅमेरा सायकलीवर बसवून फिरवायचा, उंचीवर न्यायचा तर बैलगाडीचा आधार घ्यायचा, अशा त्यांच्या युक्त्या पुढे गाजल्या. त्यांच्या कामावर २००८ मध्ये माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला. त्यांच्या चित्रपटांत रेषा किती, हे मालेगावच्या प्रेक्षकांनी विचारले नाही. चित्र कशासाठी हवे आहे यावर किती बारकावे पुरतात हे ठरते. हसण्यासाठी थोडे पुरतात. नदीची पातळी वाचायची असेल तर पुरत नाहीत.

मूळ फीत, सुदैवाने, ज्यांनी चित्रण केले त्यांच्याच घरी होती. कपाटात, उभी ठेवलेली, शेवटपर्यंत गुंडाळलेली. असा व्यवस्थित माणूस विरळा. सोनीने १९९९ पासून काढलेल्या डिजिटल-८ पद्धतीच्या कित्येक कॅमेऱ्यांत जुन्या व्हिडिओ-८ फिती चालतात. तसा एक कॅमेरा एका परिचितांकडून मागून आणला. फीत लावली आणि पहिले दृश्य आले तेव्हा मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. सरांच्या सदऱ्याच्या चौकटी मोजता येत होत्या. चित्रात मधूनमधून पांढरे ओरखडे येत होते. व्हिडिओ-८ वर चित्राची एक ओळ फितीच्या जेमतेम ०.२ मिलिमीटर लांबीत बसते, तेव्हा धुळीचा एक कण अर्धी ओळ सहज झाकतो. पण ओरखडा क्षणभर येतो आणि जातो. मारुती मारुतीसारखा दिसत होता. पाणी गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली होते, यात शंका नव्हती.

डहाळीही दिसली. मग मी दुसऱ्या दिवशी तीच फीत घेऊन नववीच्या वर्गात गेलो आणि मुलांना अर्धचित्रे मोजायला लावली. डहाळी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत पोचायला ४२० अर्धचित्रे लागली. प्रत्येक अर्धचित्र एकपन्नासांश सेकंदाचे, म्हणून ८.४ सेकंद. आमच्या १९९४ च्या वहीत सरांनी 'आठ सेकंद, वेग सेकंदाला अडीच मीटर' असे लिहून घेतले होते. नव्या मापाने वेग २.३८ मीटर येतो. सर असते तर त्यांनी वहीतला आकडा खोडून शेजारी नवा लिहायला लावला असता.

हे सांगण्याचा हेतू असा. ज्यांच्याकडे अशा फिती आहेत, विशेषतः शाळांकडे, त्यांनी दुकानात जाऊन नुसते 'पेन ड्राइव्हवर घालून द्या' म्हणू नये. मूळ फीत कोणती, हे आधी शोधावे; नावे आणि गाणी घातलेली देखणी प्रत ही बहुधा नक्कल असते. यंत्रात आणि कॅमेऱ्यात गोल, बारीक टाचण्यांची एस-व्हिडिओची जागा असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ती वापरायला सांगावे. पिवळ्या पिनेच्या तारेत उजेड आणि रंग पुन्हा एकत्र कालवले जातात आणि पुन्हा वेगळे काढावे लागतात. चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंत घ्यावे, पन्नासही अर्धचित्रे ठेवावीत, ताणू नये. डी.व्ही. पद्धतीने एका तासाला सुमारे १३ जी.बी. जागा लागते. व्ही.सी.डी.च्या काळात हे परवडणारे नव्हते, हे मान्य. आज खिशातल्या पेन ड्राइव्हवर असे चार तास मावतात. मोबाइलवर पाठवायला लहान फाइल हवी तर ती या मोठ्या फाइलवरून करावी. आणि हे सारे झाल्यावरही फीत भंगारात देऊ नये. उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी तिच्यातून आजच्याहून अधिक काढू शकेल.

हल्ली एक नवाच मोह निर्माण झाला आहे. अंधुक चित्र संगणकाला द्यायचे, तो कृत्रिम बुद्धिमत्तेने ते लख्ख करून देतो. शाळेच्या फाइलवर एका विद्यार्थ्याने हा प्रयोग केला. मारुती झकास उठावदार झाला, पाण्याची कडा सुरेख आली. फक्त ती कडा मूळ फितीतल्या जागी नव्हती. संगणकाने लाखो इतर चित्रे पाहिलेली असतात. अशा ठिकाणी सहसा काय असते ते तो भरतो. नक्कल करताना जी माहिती गेली ती त्याच्याकडे नाही, ती कुठूनही येऊ शकत नाही. आजीच्या वाढदिवसाला असे चित्र दाखवायला माझी हरकत नाही. पुरावा म्हणून दाखवायला सक्त हरकत आहे. आमच्या नाशिकला तर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. गोदापात्रातील जुन्या कुंडांवर काँक्रीट पडले. कोणते कुंड नेमके कुठे होते, कुठवर पायऱ्या होत्या, यावर कित्येक वर्षे वाद चालला आहे. १९९२ च्या सिंहस्थातील किंवा साध्या सहलींच्या घरगुती फितींत ते पात्र काँक्रीटखाली जाण्यापूर्वीचे दिसण्याची शक्यता आहे. तेथे संगणकाने आपल्या मनाच्या दोन पायऱ्या जास्त काढल्या तर?

माझे एक सहकारी म्हणतात, या सगळ्याला वेळ आणि पैसा कुणाकडे आहे? चाळीस कॅसेटपैकी पस्तीसमध्ये भाषणे आणि हारतुरे असणार. बरोबर आहे. पस्तीस बाजूला ठेवाव्यात. पण ती निवड फिती पाहिल्यानंतर करायची, आधी नव्हे. आणि पाहायला यंत्र लागते. अडचण येथे आहे. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे; १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवल्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला आणले आणि येथे चित्रपट काढले. त्या चित्रपटाची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, पण जे तुकडे राहिले ते उजेडासमोर धरले तर कुणालाही दिसतात की हे चित्र आहे. फिल्मला डोळा आणि उजेड पुरतो. चुंबकीय फीत उजेडासमोर धरा, तपकिरी पट्टीखेरीज काहीच दिसणार नाही. तिच्यातले चित्र यंत्राशिवाय अस्तित्वातच नसल्यासारखे आहे. आणि व्ही.सी.आर. बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. तेव्हापासून जगातले प्रत्येक हेड झिजतच आहे, नवे होत नाही. युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवून पाहणे नित्याच्या आवाक्यातले राहणार नाही, असा तिचा आशय होता. ते वर्ष आले आणि आपण भंगारवाल्याला बोलावले.

कपाट सध्या जागेवर आहे. मुख्याध्यापकांनी भंगारवाल्याला परत पाठवले आणि विज्ञान मंडळाच्या मुलांनी एका वहीत प्रत्येक कॅसेटवरचे नाव, साल, पद्धत आणि 'मूळ की नक्कल' असा रकाना आखून यादी सुरू केली आहे. आतापर्यंत सव्वीस कॅसेटची नोंद झाली; त्यांपैकी नऊ मूळ निघाल्या. दोन व्ही.एच.एस. कॅसेटमध्ये फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी आहे. त्या यंत्रात घातल्या तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फितीला लागते, म्हणून त्या वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद करून ठेवल्या आहेत. त्यातल्या एकीवर सरांच्या अक्षरात '१९९१, ध्वनीचे प्रयोग' असे लिहिलेले आहे.